ओट्यावरचा बाजार आणि त्याची भाषा

व्यापाराचा इतिहास लिहिणाऱ्याची दृष्टि बहुधा पेठेकडे, वखारीकडे आणि बंदराकडे जाते. ज्या विक्रीला दुकान नाहीं, पाटी नाहीं आणि जकातीच्या दप्तरांत नोंद नाहीं, ती विक्री त्याच्या नजरेंतून सहज सुटते. परंतु महाराष्ट्रांतील स्त्रियांनीं पुष्कळ काळपर्यंत ज्या बाजारांत देवघेव केली, तो बाजार पेठेंत भरत नसून घराच्या ओट्यावर, पडवींत किंवा माजघरांत भरत असे. अलीकडे ज्या पद्धतीस ‘प्रत्यक्ष विक्री’ असें सरकारी नांव मिळालें आहे, आणि जिच्यांत एखादी गृहिणी शेजारणींना घरीं बोलावून त्यांच्यापुढें डबे किंवा प्रसाधनें मांडविते, ती पद्धति परदेशांतून आली हें खरें. तथापि ती ज्या जमिनींत रुजली ती जमीन येथील होती. त्या जमिनीची मशागत कोणी केली, आणि जुन्या व नव्या रीतींत भेद नेमका कोठें पडतो, हें अहमदनगर जिल्ह्याच्या, म्हणजे सन २०२४ पासून ज्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे त्या जिल्ह्याच्या, उदाहरणावरून पाहणें उद्बोधक होईल.

मलिक अहमद निजामशहानें पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसविलेल्या या शहरांत पुढें विणकर आणि तांबट या दोघांचे धंदे नांवारूपास आले. ब्रिटिश अमदानींत तयार झालेल्या ग्याझेटियरांतून लुगडीं आणि तांब्यापितळेचीं भांडीं हेच नगरचे मुख्य उद्योग म्हणून नमूद केलेले आहेत. हा माल शहराच्या पेठांतून मिळे. घोडेगांव, वांबोरी, मिरजगांव अशा गांवांच्या आठवडे-बाजारांतहि जाई. कष्टकरी स्त्री बाजाराला स्वतः जात असे. परंतु वाड्यांतील स्त्रीला पेठेची वाट मोकळी नव्हती. तिच्यासाठीं खरेदी करणारा पुरुष असे, आणि तिला स्वतःच्या हातानें कांहीं निवडावयाची संधि मिळे ती मढीच्या किंवा मोहटादेवीच्या जत्रेंत, वर्षांतून एकदां. पेठ आणि गृहिणी यांच्यामधील हें अंतर तोडण्याचें काम फिरत्या विक्रेत्यांनीं केलें. त्यांत पहिला मान कासाराचा.

बांगडी ही अशी वस्तु आहे कीं, ती गिऱ्हाइकाच्या हाताशिवाय विकतां येत नाहीं. मापाची बांगडी निवडणें, हात दाबून सैल करणें आणि कांच न तडकतां ती मनगटावर चढविणें हें सारें विकणाऱ्याचें कसब. म्हणूनच ‘बांगड्या विकत घेतल्या’ असें मराठी स्त्री सहसा म्हणत नाहीं; ती बांगड्या ‘भरते’. हिंदु कासार आणि मुसलमान मणेर असे दोघेहि हा धंदा करीत, आणि त्यांच्या घरच्या स्त्रियाहि पेटी किंवा टोपली घेऊन गांवोगांव हिंडत. कासार एखाद्या ओट्यावर बसला, दोऱ्यांत ओंवलेल्या बांगड्यांच्या माळा त्यानें मोकळ्या केल्या, कीं आळींतील स्त्रिया आपोआप तेथें जमत. एकीचा हात भरून होतो न होतो तोंच दुसरीचा पुढें येई. एकीच्या हातावर खुललेला रंग पाहून दुसरी तोच रंग मागे. ज्या घरचा ओटा, त्या घरची गृहिणी कासाराला पाणी देई, गूळ देई. हात भरून झाल्यावर त्याला नमस्कार करण्याची रीतहि पुष्कळ घरांतून होती.

लग्नघरीं या बैठकीला समारंभाचें रूप येई. वधूला चुडा भरावयाचा, म्हणून कासाराला आधींच वर्दी जाई. आणि वधूच्या पाठोपाठ जमलेल्या आप्त-सुवासिनींच्या हातांतहि बांगड्या भरल्या जात. डोहाळजेवणांत हिरव्या बांगड्यांचा असाच मान असे. येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. बोलावणारी यजमानीण, जमणाऱ्या तिच्या पाहुण्या, आणि माल कासाराचा. परंतु पैसे मोजी ती यजमानीण. पाहुणीनें आपल्या कनवटीस हात लावावयाचा नसे. घरच्या मेळाव्यांत माल विकण्याची कल्पना महाराष्ट्रास नवी नाहीं. नवें आहे तें हें, कीं मेळाव्याचा खर्च पाहुणीनें उचलावा आणि नफ्यांत यजमानिणीनें वांटा घ्यावा.

कासाराच्या बैठकीला तिची स्वतःची भाषा होती. बांगडी ‘फुटली’ असें तेथें कोणी बोलत नसे. ती ‘वाढली’ असें म्हणावयाचें. दुकान बंद केलें तरी तें ‘वाढविलें’, कुंकू सांडलें तरी तें ‘वाढलें’, तशीच बांगडी. सौभाग्याच्या वस्तूशीं अशुभ शब्द जोडावयाचा नाहीं, हा त्यामागील संकेत. कासाराला ‘मामा’ किंवा ‘दादा’ म्हणावयाचें, त्यानें ‘ताई’, ‘वहिनी’ म्हणावयाचें, हाहि त्याच संकेताचा भाग. पण या गोड आणि झांकल्या भाषेंत एक गोष्ट कधींहि झांकली जात नसे, ती म्हणजे किंमत. ‘मामा’ म्हणून हाक मारणारी बाई दुसऱ्याच श्वासांत भावावरून त्याच्याशीं हुज्जत घाली, ‘गेल्या खेपेला इतके कुठं घेतलेत’ असें सुनावी, आणि त्याबद्दल त्याला राग येत नसे. नातें तोंडचें आहे आणि व्यवहार हातचा आहे, हें दोघांनाहि ठाऊक असे.

दुसरा नियम याहूनहि महत्त्वाचा. हातांत चढवितांना जी बांगडी तडकेल, ती कासाराची. तिचे पैसे गिऱ्हाइकानें द्यावयाचे नाहींत. म्हणजे मालाचा धोका विकणाऱ्याच्या शिरावर होता. न खपलेला माल तो परत पेटींत घालून घेऊन जाई. तो कोणा गृहिणीच्या माजघरांत साठवून राहत नसे. शिवाय कासाराला पुढल्या सणाला त्याच आळींत फिरून यावयाचें असे. ठिसूळ कांच गळ्यांत बांधून गेलेल्या कासाराला त्या आळींत पुन्हां कोण बसूं देणार? त्याची पत हेंच त्याचें भांडवल. आणि ती पत त्याची स्वतःची होती, दुसऱ्याकडून उसनी आणलेली नव्हती.

कासाराच्या मागोमाग दाराशीं येणारी दुसरी विक्रेती म्हणजे बोहारीण. डोक्यावर भांड्यांची टोपली आणि कांखेंत जुन्या कपड्यांचें गाठोडें, असें तिचें रूप शहरांतील जुन्या पिढीच्या परिचयाचें आहे. तिच्या व्यवहारांत नाणें नव्हतें. जुनीं लुगडीं, सदरे, धोतरें द्यावयाचीं आणि भांडें घ्यावयाचें. पितळेची जागा पुढें स्टेनलेस पोलादानें घेतली, तरी रीत तीच राहिली. बोहारीण प्रत्येक लुगडें उजेडाकडे धरून त्यांतील विरलेली जागा दाखवी. गृहिणी भांड्याच्या कडा चांचपून त्याचा हलकेपणा दाखवी. ‘आणखी एक सदरा टाका’, ‘मग हें पातेलें नको, तें मोठें द्या’, अशी ती घासाघीस अर्धा अर्धा तास चाले. नवऱ्याला न विचारतां आणि पैशाला हात न लावतां स्त्रीनें पुरा केलेला असा हा सौदा असे. त्या काळच्या कित्येक गृहिणींना व्यवहाराचें पहिलें शिक्षण शाळेंत मिळालें नाहीं, तें या उंबरठ्यावर मिळालें.

या दोन फिरत्या विक्रेत्यांच्या जोडीला तिसरी एक संस्था होती, ती विक्रीची नव्हती; हळदीकुंकवाची. चैत्रांतील आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचीं हळदीकुंकवें हा स्त्रियांचा हक्काचा मेळावा. त्यांत आमंत्रण नाकारावयाचें नसतें, रिकाम्या हातानें परत जावयाचें नसतें, आणि एकीकडे जाऊन आल्यावर तिला आपल्या घरीं बोलवावयाचें असतें. संक्रांतीला जें वाण द्यावयाचें तें मराठी स्त्री ‘लुटते’. देणें या अर्थी लुटणें हा शब्द येथें वापरला जातो. आणि त्यांत औदार्याची जी परिसीमा आहे ती कोणत्याहि व्यापारी शब्दांत सांपडणार नाहीं. वाण म्हणून पूर्वी सुगडें, फळें, सुपारी जात. पुढें प्लास्टिकच्या लहान डब्या आणि वाट्या जाऊं लागल्या. आमंत्रण, उपस्थिति आणि परतफेड या तीन बंधनांनीं विणलेलें हें जाळें कोणाहि विक्रेत्याला मोहांत पाडील असेंच होतें. तथापि कासारानें किंवा बोहारणीनें त्यांत कधीं हात घातला नाहीं.

तो घालण्याची कला अमेरिकेंत विकसित झाली. सन १८८६ मध्यें न्यूयॉर्क येथें डेव्हिड मॅकॉनेल या पुस्तकविक्यानें सुगंधी द्रव्यांची कंपनी काढली आणि घरोघर फिरण्यासाठीं स्त्रिया नेमल्या. तीच कंपनी सन १९३९ पासून एव्हॉन या नांवानें ओळखली जाऊं लागली. तेथें दार ठोठावणारी स्त्री एकटी असे आणि दार उघडणारीहि एकटी. सन १९३१ मध्यें स्थापन झालेल्या स्टॅनली होम प्रॉडक्ट्स या कंपनीच्या विक्रेत्यांना पुढें असें दिसून आलें कीं, दहा घरीं दहा वेळां ब्रश दाखविण्यापेक्षां एका घरीं दहा जणी जमवून एकदांच दाखविणें किती तरी सोपें पडतें. घरगुती विक्री-मेळाव्याचा पाया हा असा घातला गेला.

त्यावर इमारत चढविली टपरवेअरनें. अर्ल टपर या अमेरिकन गृहस्थानें सन १९४६ मध्यें प्लास्टिकचे घट्ट झांकणाचे डबे बाजारांत आणले. डबे उत्तम होते, पण दुकानांतून ते खपेनात. कारण झांकणाची मधली बाजू दाबून आंतली हवा कशी काढावयाची, हें फळीवर ठेवलेला डबा स्वतः सांगूं शकत नव्हता. ज्याप्रमाणें बांगडी भरून दाखवावी लागते, त्याप्रमाणें हा डबा बंद करून दाखवावा लागे. स्टॅनलीच्या पद्धतींत तयार झालेली ब्राऊनी वाइज नांवाची कर्तबगार स्त्री हे डबे घरगुती मेळाव्यांतून झपाट्यानें विकत होती. तें पाहून सन १९५१ मध्यें टपरनें आपला माल दुकानांतून काढून घेतला आणि विक्रीची सर्व व्यवस्था वाइजबाईंच्या हातीं दिली. सन १९५४ मध्यें बिझनेस वीक या अमेरिकन साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचें चित्र झळकलें. तो मान मिळविणारी ती पहिली स्त्री. आणि सन १९५८ मध्यें त्याच कंपनीनें त्यांना दूर केलें.

या मेळाव्याची रचना विचार करण्याजोगी आहे. यजमानीण आपल्या मैत्रिणींना बोलावते आणि फराळाची व्यवस्था करते. विक्रेती वस्तूंचें प्रात्यक्षिक करते, मध्यें लहानसे खेळ घेते, बक्षिसें वांटते. शेवटीं मागणीचे कागद फिरतात. जितकी विक्री अधिक, तितकी यजमानिणीला मिळणारी भेटवस्तु मोठी. आणि त्याच बैठकींत पुढल्या मेळाव्यासाठीं आणखी एकदोन यजमानिणी ठरवून घ्यावयाच्या, म्हणजे साखळी तुटत नाहीं. विक्रेती नवखी असली तरी चालतें, कारण तिच्या शब्दाला यजमानिणीची पत जामीन असते. मैत्रिणीच्या दिवाणखान्यांत बसून, तिचा फराळ खाऊन, कांहींच न घेतां उठणें कोणाहि शहाण्या स्त्रीला अवघड वाटतें. डब्याची गरज आणि मैत्रिणीची भीड या दोन गोष्टी तेथें इतक्या मिसळून जातात कीं, खरेदी कशामुळें झाली हें खरेदी करणारीलाहि पुरतें सांगतां येत नाहीं.

भारतांत दारोदार यंत्रें दाखवून विकण्याची आधुनिक रीत युरेका फोर्ब्स कंपनीनें सन १९८२ पासून रूढ केली. सन १९९१ नंतर आर्थिक धोरण पालटलें आणि ओरिफ्लेम १९९५ मध्यें, मोदीकेअर व टपरवेअर १९९६ मध्यें, तर ॲमवे १९९८ मध्यें येथील बाजारांत उतरली. तोंपर्यंत नगर जिल्ह्याची घडीहि बदलली होती. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्यें सुरू झाल्यापासून कारखान्यांच्या आणि शाळा-कॉलेजांच्या भोंवतीं पगारदारांच्या वसाहती उभ्या राहिल्या. शहरांत सावेडीसारखीं उपनगरें वाढलीं. वाड्याचा ओटा गेला, त्याच्या जागीं बंद दाराचा दिवाणखाना आला. दारावरून ओरडत जाणाऱ्याला त्या दिवाणखान्यांत प्रवेश नव्हता. ज्याच्यासाठीं तें दार उघडे, तो माणूस ओळखीचाच असावा लागे. आणि ओळखीचा माणूस पुढें करणें हाच तर या नव्या पद्धतीचा प्राण होता.

आतां या नव्या बाजाराची भाषा पाहावी. येथें विक्री ‘पार्टी’ होते, दुकान ‘होस्टेस’चें घर होतें, आणि विकणें या क्रियापदाऐवजीं ‘शेअर करणें’ हें क्रियापद येतें. गिऱ्हाइकाला ‘मेंबर’ म्हणतात, विक्रेत्यांच्या उतरंडीला ‘टीम’ किंवा ‘फॅमिली’ म्हणतात. ज्यानें आपल्याला आंत घेतलें तो ‘अपलाइन’, ज्यांना आपण आंत घेतलें ते ‘डाउनलाइन’. कित्येक ठिकाणीं मोबदलाहि रुपयांत बोलला न जातां ‘पॉइंटां’त बोलला जातो. शब्द परके आहेत एवढाच दोष असता तर त्याचें विशेष वाटून घेण्याचें कारण नव्हतें. मराठीनें परके शब्द पुष्कळ पचविले आहेत. विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, ते झांकतात काय? कासाराची भाषा अशुभ झांकीत असे आणि मोल उघडें ठेवीत असे. नवी भाषा मोल झांकते. जेथें विक्री हा शब्दच नाहीं, तेथें घासाघीस कशी व्हावी? मामाशीं हुज्जत घालतां येत होती, कारण तो खरा मामा नव्हता. खऱ्या मामेबहिणीशीं डब्याच्या किंमतीवरून हुज्जत घालतां येत नाहीं.

याच भाषेच्या आडून दुसरा एक व्यवहार शिरला, तो अधिक घातक. वस्तु विकून नफा मिळविणें निराळें, आणि नवी माणसें भरती करून त्यांच्या भरण्यांतून पैसा मिळविणें निराळें. दुसऱ्या प्रकाराचा हिशेब शाळेंतील गुणाकारानें होतो. समजा, एकीनें सहा जणी जोडल्या आणि त्यांतील प्रत्येकीनें पुन्हां सहा. पहिल्या पायरीला ६, दुसरीला ३६, तिसरीला २१६, चवथीला १,२९६, पांचवीला ७,७७६, सहावीला ४६,६५६, सातवीला २,७९,९३६ आणि आठवीला १६,७९,६१६. नवव्या पायरीला १,००,७७,६९६ माणसें लागतील. सन २०११ च्या शिरगणतींत नगर जिल्ह्याची एकंदर लोकसंख्या, तान्हीं मुलें धरून, सुमारें ४५ लक्ष भरली. म्हणजे अकोल्यापासून जामखेडपर्यंतचा सारा जिल्हा, पाळण्यांतल्या मुलांसकट, भरती झाला तरी नववी पायरी पुरी होत नाहीं. शेवटल्या पायरीवर जे उभे असतात त्यांच्या खालीं कोणीच नसतें. आणि उतरंडींत सर्वांत अधिक माणसें शेवटल्या पायरीवरच असतात. त्यांच्या वांट्याला घरांत पडून राहिलेला माल आणि दुरावलेले सोयरे एवढेंच येतें. चढवितांना तडकलेली बांगडी येथें कासाराची राहत नाहीं.

कायद्यानें ही गोष्ट हळूहळू ओळखली. पैशांच्या फिरत्या योजनांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा १९७८ मध्यें झाला. प्रत्यक्ष विक्रीसाठीं मार्गदर्शक तत्त्वें सन २०१६ मध्यें निघालीं. त्यांत भरतीसाठीं प्रवेश-फी घेण्यास मनाई करण्यांत आली. पुढें २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं डिसेंबर २०२१ मध्यें स्वतंत्र नियमच जारी झाले आणि उतरंडीच्या योजना चालविण्यास त्यांनीं स्पष्ट मज्जाव केला. या नियमांतील एक कलम भाषेच्या दृष्टीनें फार अर्थपूर्ण आहे. विक्रेत्यानें ओळखपत्राशिवाय आणि पूर्वपरवानगीशिवाय ग्राहकाच्या घरीं जाऊं नये. आणि बोलणें सुरू करतांनाच आपण कोण, कोणत्या कंपनीतर्फे आलों, कोणती वस्तु आणली आणि कशासाठीं आलों, हें खरेपणानें सांगावें. बोहारणीच्या आरोळींत हें सर्व चार शब्दांत येत असे. जी गोष्ट ती आळीच्या तोंडाशींच सांगून टाकी, ती सांगावयास लावण्यासाठीं आतां नियम करावा लागला.

या पद्धतीची दुसरी बाजूहि न्यायानें मांडली पाहिजे. जिला नोकरी करतां येत नव्हती, जिच्यापाशीं दुकानाचें भांडवल नव्हतें, अशा स्त्रीला घर सांभाळून चार पैसे मिळविण्याची वाट या पद्धतीनें दाखविली. चार माणसांपुढें उभें राहून बोलणें, हिशेब ठेवणें, मागणी नोंदवून वेळेवर माल पोंचविणें, हें पुष्कळ जणी यांतच शिकल्या. वस्तु चांगली असेल, किंमत उघड असेल आणि न खपलेला माल परत घेतला जात असेल, तर दिवाणखान्यांतील विक्रींत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. कासारहि अखेर घरांत येऊनच विकत होता. बचत गटाची बाई पापड किंवा मसाल्याची पिशवी घेऊन शेजारीं जाते आणि ‘पावशेर इतक्याला’ असें तोंड भरून सांगते, तेव्हां ती जुन्या ओट्याचाच धर्म पाळीत असते. आणि केवळ मेळाव्यांच्या बळावर कोणताहि व्यापार अमर होत नाहीं, हेंहि दिसून आलें आहे. ज्या टपरवेअरनें ही रीत जगभर नेली, त्या कंपनीला सप्टेंबर २०२४ मध्यें अमेरिकेंतील न्यायालयापुढें दिवाळखोरीच्या संरक्षणासाठीं अर्ज करावा लागला.

तेव्हां कोणत्या मेळाव्याला जावें आणि कोणत्याला जाऊं नये, याची कसोटी अवघड नाहीं. तेथें किंमत मोठ्यानें विचारतां येते काय, ‘नको’ म्हणून हंसत उठतां येतें काय, आणि तडकलेल्या बांगडीचे पैसे कोण देतो, एवढे तीन प्रश्न पुरे आहेत. पेठेची वाट बंद असलेल्या निरक्षर गृहिणींना उंबरठ्यावर बसून हे प्रश्न विचारतां येत होते. त्यांच्या शिकलेल्या नातींनीं ते विचारण्याची भीड धरण्याचें कारण नाहीं.